ग्रँट रोडची नाटकशाळा आणि पिला हाऊसचा मोहल्ला

९ मार्च १८५३ रोजी मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाटकशाळेत 'इंद्रजितवध आणि सुलोचना सहगमन' हा खेळ लागला. खेळ करणारी मंडळी सांगलीची, विष्णुदास भाव्यांची. समोर बसलेल्यांत गिरगावचे मराठी गृहस्थ होते, तसे पारशी आणि गुजराती व्यापारीही होते. आत येण्यासाठी तिकीट काढावे लागले होते. मराठी नाटक तोवर राजवाड्यात झाले होते, वाड्यांच्या चौकांत झाले होते. बांधीव रंगमंचावर, पैसे मोजून आलेल्या अनोळखी माणसांपुढे उभे राहायला ते इथे शिकले.

ती नाटकशाळा आज नाही. तिची एक भिंतही उरलेली नाही. तिच्या आसऱ्याने जो मोहल्ला वाढला तो मात्र अजून आहे, आणि लोक त्याला 'पिला हाऊस' म्हणतात. इंग्रजांच्या 'प्ले हाऊस'चे लोकांच्या तोंडी झालेले हे रूप. नाव टिकले, ज्याच्यावरून ते पडले, त्याचा विसर पडला.

शिरूर अनंतपाळहून निघणाऱ्या स्मरणिकेत मुंबईच्या नाटकशाळेचा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आपल्या भागातला नाटकाचा नि तमाशाचा प्रेक्षक यात्रेत कनातीसमोरच्या खिडकीवर पैसे देऊन आत शिरतो, ती रीत या मुलखात आपोआप उगवलेली नाही. ती कुठेतरी सुरू झाली, तिथे रुळली आणि मग फडांच्या, मंडळ्यांच्या गाड्यांतून गावोगाव आली. ग्रँट रोडच्या या इतिहासात निजामाच्या मुलखातली माणसेही आहेत, हे पुढे येईलच. मराठी रंगभूमीचे स्मरण करताना दरवर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीचे नाव निघते आणि ते निघायलाच हवे. पण जन्मघराइतकेच महत्त्व ज्या घरात मूल पायावर उभे राहिले त्या घरालाही असते. ग्रँट रोडला ते महत्त्व मिळालेले नाही, म्हणून हा लेख.

मुंबईत नाटकशाळा आणली इंग्रजांनी, स्वतःच्या करमणुकीसाठी. किल्ल्याच्या आत, 'बॉम्बे ग्रीन' नावाच्या मोकळ्या मैदानावर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, १७७६ मध्ये वर्गणी काढून 'बॉम्बे थिएटर' उभे राहिले. कंपनीचे कारकून आणि लष्करी अधिकारी तिथे हौसेने नाटके करीत. पुढे इमारत दुरुस्त झाली, पण त्या पायी कर्ज झाले आणि ते वाढत गेले. शेवटी १८३५ मध्ये थिएटर लिलावात निघाले. जमशेटजी जीजीभाईंनी ते ५०,००० रुपयांना घेतले. कर्जे फेडून सत्तावीस हजारांच्या आसपास रक्कम उरली, ती सरकारी खजिन्यात पडून राहिली.

खजिन्यात पैसे आहेत आणि शहरात नाटकशाळा नाही, ही अवस्था दहा वर्षे चालली. १८४० मध्ये मुंबईकरांनी गव्हर्नर सर जेम्स रिव्हेट-कारनॅक यांच्याकडे अर्ज केला, की त्या शिलकीतून नवे थिएटर बांधावे. या अर्जामागे जगन्नाथ शंकरशेट आणि फ्रामजी कावसजी यांच्यासारखे वजनदार देशी नागरिक होते. गोऱ्यांच्या करमणुकीसाठी निघालेली संस्था बंद पडते आणि ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून काळ्यांचे पुढारी खटपट करतात, यातच शहर बदलल्याची खूण आहे. अडचण जागेची होती. ती नाना शंकरशेटांनी सोडवली. ग्रँट रोडवरची आपली जमीन त्यांनी दिली. १० फेब्रुवारी १८४६ रोजी नाटकशाळा उघडली. इंग्रज तिला ग्रँट रोड थिएटर म्हणत. मराठी माणसांच्या तोंडी ती 'शंकरशेटची नाटकशाळा' झाली. पुढे तिला रॉयल थिएटर, बादशाही थिएटर अशीही नावे मिळाली.

नाना हे मूळचे मुरबाडकडच्या घराण्यातले दैवज्ञ सराफ, मुर्कुटे आडनावाचे. १८२२ मध्ये निघालेल्या बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीपासून १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनपर्यंत मुंबईतले एकही मोठे काम त्यांच्याशिवाय झाले नाही. हिंदुस्थानातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, त्या रेल्वे कंपनीच्या उभारणीतही ते होते. तारीख लक्षात घ्यावी. भाव्यांचा ग्रँट रोडवरचा खेळ झाला त्याला जेमतेम पाच आठवडे लोटले होते. एकाच वसंत ऋतूत मुंबईला रेल्वे मिळाली आणि मराठी नाटकाला तिकीट मिळाले, आणि दोन्हींत या एकाच माणसाचा हात होता. पुढे साठ-सत्तर वर्षे मराठी नाटक मंडळ्या ज्या गावोगाव हिंडल्या त्या याच रेल्वेच्या जोरावर.

आता जागेविषयी. ग्रँट रोड हा १८३५ ते १८३८ या काळातल्या रॉबर्ट ग्रँट या गव्हर्नरच्या नावाचा रस्ता. तो बांधला गेला तेव्हा आजूबाजूला शहर नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीकडे हॉर्नबी वेलार्डचा बांध पडला, समुद्राचे भरतीचे पाणी आत शिरायचे थांबले आणि मुंबईच्या मधोमध असलेली खारवट, दलदलीची पट्टी हळूहळू सुकू लागली. या सखल जमिनी नाममात्र सारा घेऊन लोकांना कसायला नि भर घालायला दिल्या जात. त्यांना 'फोरास' जमिनी म्हणत. फोरास रोड हे नाव त्यावरूनच आले. अशा नव्या, ओलसर, किल्ल्यापासून दीडेक कोसावरच्या जमिनीत नाटकशाळा उभी राहिली.

इंग्रज रसिकांना हे रुचले नाही. रात्री घोडागाडी जोडून इतक्या लांब यायचे, वाटेत देशी वस्तीतून जायचे आणि वर दलदलीचा वास सोसायचा! सुरुवातीची काही वर्षे इंग्रजी नाटके झाली खरी, पण ती कधीच नीट चालली नाहीत. पिटात, म्हणजे रंगमंचासमोरच्या स्वस्त जागेत, बसायला येत ते गोदीतले खलाशी आणि पलटणीचे शिपाई. त्यांच्या दंग्याच्या तक्रारी सतत होत्या. मडमा येईनाशा झाल्या. खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

इंग्रजांना जे अंतर नडले तेच देशी प्रेक्षकांच्या पथ्यावर पडले. गिरगाव, भुलेश्वर, खेतवाडी, भेंडीबाजार, डंकन रोड या सगळ्या वस्त्या तिथून चालत जाण्याच्या टप्प्यात होत्या. किल्ल्याच्या तटाआड शिरताना देशी माणसाला जो संकोच वाटे तो इथे वाटत नव्हता.

आणि नेमक्या याच वेळी सांगलीचा एक कर्जबाजारी नाटककार मुंबईत पोहोचला.

विष्णुदास भाव्यांची कथा 'सीता स्वयंवरा'पाशी थांबवण्याची आपल्याकडे सवय आहे. १८४३ मध्ये सांगलीच्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांपुढे तो खेळ झाला, राजेसाहेब खूश झाले, मराठी रंगभूमी जन्मली. शाळेतल्या पुस्तकात एवढेच असते. पुढचा भाग जास्त बोलका आहे. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले. दरबारचा आश्रय संपला. नाटकासाठी झालेला खर्च भाव्यांच्या डोक्यावर कर्ज म्हणून बसला आणि नव्या कारभाऱ्यांनी हात झटकले. सोंगे, कपडे, पोरे आणि मृदंग घेऊन भावे बाहेर पडले ते देणी फेडण्यासाठी. मुंबईत त्यांनी आधी गिरगावातल्या वाड्यांत खेळ केले. मग ते ग्रँट रोडवरच्या थिएटरात इंग्रजी खेळ पाहायला गेले. पडदे, रंगवलेले देखावे, रांगेने मांडलेल्या खुर्च्या, वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपणारा प्रयोग हे सगळे त्यांनी डोळ्यांत साठवले आणि आपलाही खेळ इथेच करायचा असे ठरवले. डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांच्यासारख्यांच्या ओळखीने ते जमले.

त्या खेळाचे स्वरूप आजच्या प्रेक्षकाला नाटकापेक्षा दशावताराच्या जवळचे वाटेल. आधी सूत्रधार मंगलाचरण म्हणे, विदूषक येई, गणपती नि सरस्वती येऊन आशीर्वाद देत. मग आख्यान लागे. कथा सूत्रधारच पदांतून गात असे. पात्रे त्याच्या पदाला धरून आयत्या वेळी सुचतील ती भाषणे करीत. राक्षस आला की 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकून थयथयाट करी. स्त्रियांची कामे मुलगे करीत. पुढच्या पिढीतल्या सुशिक्षितांनी या राक्षसांची खूप टिंगल केली. ती अन्यायाची होती. पेट्रोमॅक्सच्या उजेडात यात्रेत सोंगे पाहिलेल्या माणसाला ठाऊक असते, की हजार माणसांच्या जमावाला पहिल्या आरोळीत बांधून घेणे हे सोपे काम नव्हे.

भाव्यांचा खेळ मार्चमध्ये झाला. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्याच रंगमंचावर पारशी नाटक मंडळीने गुजरातीत 'रुस्तम आणि सोहराब'चा खेळ केला. तिच्यामागच्या समितीत दादाभाई नौरोजींसारखी माणसे होती. पारशी रंगभूमीचा आरंभ याच प्रयोगापासून मोजतात. नोव्हेंबरात भाव्यांनी पुन्हा येऊन राजा गोपीचंदाचे आख्यान केले, तेही हिंदुस्थानी भाषेत, म्हणजे ज्यांना मराठी कळत नाही त्यांनाही तिकीट काढता यावे म्हणून. एका वर्षात, एकाच इमारतीत मराठी, गुजराती आणि हिंदुस्थानी अशा तीन भाषांतल्या नाटकांनी आपला बाजार शोधला. हिंदुस्थानात दुसऱ्या कुठल्या नाटकशाळेला हे भाग्य सहज लाभलेले दिसत नाही. सांगलीत नाटकाला एक राजा होता. ग्रँट रोडवर त्याला गिऱ्हाईक मिळाले. राजा गेला की नाटक थांबते. गिऱ्हाईक जोपर्यंत येते तोपर्यंत ते चालते. हा फरक मराठी कलावंतांना याच मोहल्ल्याने शिकवला, आणि तो शिकवताना त्याने कोणाची जात, भाषा किंवा गाव विचारले नाही. खिडकीवर पैसा ठेवणारा प्रत्येकजण तिथे सारखा होता. फरक फक्त बाकाचा आणि खुर्चीचा.

नाटकशाळेने पुढे आपल्यासारख्या भावंडांना बोलावून घेतले. १८६४ मध्ये बीबीसीआय रेल्वे ग्रँट रोडपर्यंत आली. गुजरातकडून येणारा व्यापारी, हुंडीवाला, दलाल याच स्टेशनवर उतरू लागला आणि संध्याकाळी मोकळा असला की नाटकाकडे वळू लागला. कापसाच्या तेजीने शहरात पैसा खेळत होता. पुढच्या वर्षापासून मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले, त्यामुळे रात्री उशिरा घरी परतणे सोपे झाले. १८६८ मध्ये कैखुशरू काबराजींनी व्हिक्टोरिया नाटक मंडळी काढली आणि १८७० मध्ये ग्रँट रोडवर तिचे व्हिक्टोरिया थिएटर उभे राहिले. मागोमाग एल्फिन्स्टन, रिपन अशी एकाहून एक थिएटरे ग्रँट रोड आणि त्याला छेदणाऱ्या फॉकलंड रोडच्या आसपास आली. फॉकलंड हा १८४८ ते १८५३ या काळातला गव्हर्नर. इंग्रज प्रेक्षकांसाठी १८७९ मध्ये बोरीबंदरपाशी गेइटी थिएटर झाले, तसे त्यांनी ग्रँट रोडकडे पाठ फिरवली. मोहल्ला पुरता देशी झाला.

इथे आपल्या मुलखाचा संबंध येतो. १८७२ मध्ये व्हिक्टोरिया मंडळीचे दादी पटेल आपला सगळा संच घेऊन हैदराबादला गेले. बोलावणे निजामाचे दिवाण सर सालारजंग यांचे होते. वाडी ते सिकंदराबाद रेल्वे १८७४ मध्ये सुरू झाली. पटेल गेले तेव्हा ती अजून व्हायची होती. म्हणजे पडदे, पेट्या, तबले आणि नट यांचा तो लवाजमा शेवटचा मोठा पल्ला बैलगाड्यांनीच गेला. हैदराबादच्या दरबारी रसिकांना ही मुंबईची करमणूक भावली. येताना पटेलांनी हैदराबादच्या काही गायिका बरोबर आणल्या आणि 'इंदरसभे'त त्यांना रंगमंचावर उभे केले. मुंबईत एकच गहजब झाला. बाईने नाटकात काम करावे की नाही, यावर पारशी वर्तमानपत्रांत रणे माजली. शेवटी पुरुषांनीच स्त्रीभूमिका करायची जुनी रीत आणखी कित्येक वर्षे टिकली. पण पिला हाऊसच्या रंगमंचावर पाऊल टाकणाऱ्या पहिल्या स्त्रियांत निजामाच्या राजधानीतल्या बायका होत्या, ही नोंद आपल्या भागाच्या इतिहासात असायला हवी. निलंगा, उदगीर, अहमदपूर हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता; १९५६ पर्यंत तो बीदर जिल्ह्यात होता. इथल्या माणसाला राजधानी म्हणजे हैदराबाद, मुंबई नव्हे.

दुसरा संबंध नावातच आहे. पिला हाऊसला लागून कामाठीपुरा आहे. कामाठी म्हणजे निजामाच्या तेलंगी मुलखातून आलेले मजूर. मुंबईचे भराव घालणे, रस्ते बांधणे, इमारतींचे पाट्या-घमेल्याचे काम करणे, हे त्यांचे पोट भरायचे साधन. शहर त्यांनी बांधले आणि राहायला मिळाली ती शहरात कोणालाच नको असलेली सखल, डासांची जमीन. आज मराठवाड्यातला माणूस पुण्या-मुंबईला बांधकामावर जातो तेव्हा तो दीड-दोनशे वर्षांच्या जुन्या वाटेवरूनच चाललेला असतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिला हाऊसने मराठी संगीत नाटकाचे वैभव पाहिले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्याच्या आनंदोद्भव थिएटरात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाले. त्यानंतर संगीत नाटक मंडळ्या मुंबईला आल्या की मुक्काम बहुधा याच परिसरातल्या थिएटरांत पडे. १२ मार्च १९११ रोजी रिपन थिएटरात खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. भामिनीचे काम बालगंधर्वांचे. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करावा असे मंडळीतल्यांना वाटत होते. बालगंधर्व उभे राहिले आणि त्यांनी भामिनी केली. ही हकिकत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, पण ती घडली कुठे हे सांगताना लोक 'मुंबईत' एवढेच म्हणतात. ती घडली फॉकलंड रोडच्या मोहल्ल्यात. ज्या रस्त्याचे नाव पुढे सभ्य घरांत उच्चारले जाईना, त्याच रस्त्यावर गोविंदराव टेंब्यांच्या चाली पहिल्यांदा लोकांच्या कानी पडल्या.

दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, याच भागातल्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झाले. खुर्शेदजी बालीवाला हे व्हिक्टोरिया मंडळीत वाढलेले नट. त्यांचा जन्म १८५३ चा, म्हणजे मराठी आणि पारशी नाटक ग्रँट रोडवर आले त्याच वर्षाचा. त्यांनी बांधलेल्या या थिएटरात त्या रात्री भामिनी बालगंधर्वांची होती आणि धैर्यधर केशवराव भोसल्यांचा. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकांच्या प्रतिस्पर्धी संस्था टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आल्या होत्या. तिकिटांसाठी उडालेल्या झुंबडीच्या आठवणी कित्येकांनी लिहून ठेवल्या आहेत. त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. त्या रात्रीचे सूर ध्वनिमुद्रिकेवर राहिले नाहीत आणि थिएटरही राहिले नाही.

याच काळात या रस्त्यांवर आणखी एक गोष्ट घडत होती. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढीत होते आणि त्यांना तारामती मिळत नव्हती. ते कलावंतिणींच्या वस्तीत फिरले, तिथेही नकारच मिळाला. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत आचाऱ्याचे काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या नजरेस पडले. दहा रुपयांचा आचारी पंधरा रुपयांवर तारामती झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्याच ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी चित्रपट कोरोनेशनमध्ये लागला. रिपनमध्ये पुरुष भामिनी होत होता, स्टुडिओत पुरुष तारामती होत होता आणि बाहेरच्या रस्त्यावर शेकडो बायका सज्जांत उभ्या होत्या. कलेत त्यांना जागा नव्हती. धंद्यात मात्र होती. पिला हाऊसचा इतिहास सांगताना हे टाळून पुढे जाता येत नाही.

मोहल्ल्याची बदनामी नाटकाने केली, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते खरे नाही. बाहेरगावाहून एकट्या आलेल्या पुरुषांची गर्दी, स्वस्त भाड्याची सखल जागा, जवळची गोदी आणि रेल्वे ही कारणे आधीच होती. त्यात शहराच्या इतर भागांतून हुसकलेला धंदा एका ठिकाणी गोळा होऊ देण्याचे धोरण पोलिसांनी ठेवले, कारण एकाच जागी त्यावर नजर ठेवणे सोयीचे होते. सरकारने कुंपण घातले आणि दोष मात्र आत कोंडलेल्यांच्या माथी मारला गेला. संगीत नाटकाचे पांढरपेशे प्रेक्षक गिरगावातल्या, दादरच्या सभागृहांकडे सरकले. ते गेले तेव्हा त्यांनी या जागेच्या आठवणीही मागे टाकल्या.

संगीत नाटकाची जागा घेतली तमाशाने. गिरण्यांत, गोदीत राबणारे सातारा, नगर, पुणे, कोकण इकडचे कामगार हे त्याचे प्रेक्षक. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी कुलकर्णीपण सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या फडात पवळा होती, संगमनेरजवळच्या हिवरगाव पावशाची, महार समाजात जन्मलेली. ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी एका फडात उभी राहतात म्हणून समाज खवळला. पिला हाऊसचा प्रेक्षक तिकिटे काढून येत राहिला. गावात ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नसती, त्यांच्या नावाने इथे थिएटरे भरत. गण, गवळण, बतावणी, वग हा सगळा ऐवज गावच्या जत्रेतून उचलून थिएटरच्या रंगमंचावर बसवला गेला, त्याला वेळेचे आणि तिकिटाचे बंधन आले, फडमालक नि ठेकेदार यांच्यात करार होऊ लागले. पुढे लालबागेत गिरणगावाच्या ऐन वस्तीत हनुमान थिएटर तमाशाचे माहेरघर झाले. तिथून मोठे फड कनाती घेऊन महाराष्ट्रभर फिरले. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही तंबू लागतात, तिकिटाची खिडकी उघडते, लाऊडस्पीकरवरून फडाचे नाव पुकारले जाते. पिला हाऊसची रीत मराठवाड्यात पोहोचली ती या मार्गाने.

बोलपट १९३१ मध्ये आला आणि नाटकाची थिएटरे एकेक करून सिनेमाकडे गेली. रिपनचे आल्फ्रेड टॉकीज झाले. गुलशन, रॉयल, निशात, मोती, दौलत, सिल्व्हर अशा नावांची ही रांग हमाल, ट्रकड्रायव्हर आणि हातगाडीवाल्यांसाठी स्वस्त तिकिटात जुने चित्रपट दाखवीत राहिली. शहरात इतरत्र छापील पोस्टरे आल्यावरही आल्फ्रेडवर हाताने रंगवलेली पोस्टरे लागत. उकाड्यात चार तास पंख्याखाली बसायला मिळावे म्हणून तिकीट काढणारेही त्यांत होते. संगीत नाटकाच्या पांढरपेशा प्रेक्षकापेक्षा शंकरशेटांच्या नाटकशाळेत पिटात बसणाऱ्याशी त्यांचे नाते अधिक जवळचे होते. पुढे यांतली बरीच थिएटरेही बंद पडली.

या मोहल्ल्याला मराठी साहित्यात त्याचा स्वतःचा आवाज मिळायला १९७२ साल उजाडावे लागले. पुण्याकडच्या पूर-कनेरसरहून लहानपणी मुंबईत आलेला, याच परिसरातल्या ढोर चाळीत वाढलेला नामदेव ढसाळ त्या वर्षी 'गोलपिठा' हा कवितासंग्रह घेऊन आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती. त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली. नाटकशाळेने या भागात बाहेरच्या जगाची सोंगे आणली होती. ढसाळांनी या भागातली माणसे बाहेरच्या जगापुढे आणली. वाङ्मयाच्या इतिहासात हे दोन अध्याय कोणी शेजारी ठेवीत नाही. भूगोलात ते हाकेच्या अंतरावर आहेत.

नाना शंकरशेट ३१ जुलै १८६५ रोजी वारले. त्यांच्या नावाचा चौक, नाना चौक, ग्रँट रोड स्टेशनच्या पश्चिमेला आहे. शाळा, शिष्यवृत्ती, रेल्वे, राणीचा बाग यांबरोबर त्यांचे नाव घेतले जाते, नाटकशाळेबरोबर क्वचितच. त्यांच्या चरित्रकारांनाही नाटक हे बहुधा बाजूचे काम वाटले असावे. प्रत्यक्षात त्यांनी दिलेल्या त्या जमिनीच्या तुकड्यावर जे उगवले त्याची व्याप्ती त्यांच्या इतर कुठल्याही देणगीपेक्षा कमी नाही. मराठी व्यावसायिक नाटक, पारशी रंगभूमी, तिच्यातून आलेला हिंदी चित्रपट आणि थिएटरातला तमाशा या सगळ्यांची पाळेमुळे त्या एका मोहल्ल्यात सापडतात.

लातूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या कोणाला हा परिसर पाहायचा असेल, तर ग्रँट रोड स्टेशनवर पूर्वेला उतरावे. ग्रँट रोडचे आजचे नाव मौलाना शौकत अली रोड, डंकन रोडचे मौलाना आझाद रोड, फोरास रोडचे आर. एस. निमकर मार्ग. रिपन थिएटर जिथे होते, जिथे भामिनी पहिल्यांदा उभी राहिली, तो फॉकलंड रोड आता पठ्ठे बापूराव मार्ग आहे. बसवाले आणि टॅक्सीवाले यांतले एकही नाव घेत नाहीत. त्यांना पिला हाऊस म्हटले की कळते.